एक मिलिमीटर म्हणजे पाचशे किलोमीटर : शून्य सावली प्रकल्पाच्या नोंदी

२ एप्रिल

सूर्य मध्यान्हीला बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते, तो शून्य सावली दिवस. यंदा त्याचे काम दोन भागांत करायचे ठरले. पहिला भाग मोजणीचा. पणजी, सातारा, पुणे आणि नाशिक इथे एकाच दिवशी, एकाच मध्यान्हीला सावली मोजायची आणि सावल्यांच्या कोनांतला फरक व गावांमधले अंतर यांवरून पृथ्वीचा परीघ काढायचा. दुसरा भाग लोकांना दाखवण्याचा, मे महिनाभर, सूर्य जसजसा उत्तरेला सरकेल तसतसा.

ही चार गावे निवडायला कारण आहे. पणजीचे रेखांश ७३.८३, पुण्याचे ७३.८६, नाशिकचे ७३.७९ आणि साताऱ्याचे ७४.०. चारही ठिकाणे जवळजवळ एका उभ्या रेषेवर आहेत, त्यामुळे सूर्य चौघांच्याही मध्यान्हीला एका मिनिटाच्या आत पोचतो. अक्षांशांत मात्र भरपूर अंतर आहे : पणजी १५.४९, सातारा १७.६८, पुणे १८.५२, नाशिक २०.०. पणजी ते नाशिक हे सरळ उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ४९९ किलोमीटर भरते. याहून सोयीची रेषा महाराष्ट्र-गोव्यात सापडणे कठीण.

मोजणीचा दिवस २ मे. त्या दिवशी सूर्य पणजीच्या जवळजवळ माथ्यावर असतो.

५ एप्रिल

मध्यान्हीची, म्हणजे सूर्य दिवसातला सर्वांत उंच असण्याची, वेळ काढून चारही गटांना पाठवली. रीत अशी : भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, पुणे त्याच्या ८.६४ अंश पश्चिमेला. एका अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने ३४.६ मिनिटे उशीर, म्हणजे १२ वाजून ३४ मिनिटे ३६ सेकंद. त्यातून कालसमीकरणाची, म्हणजे सूर्य घड्याळाच्या किती पुढे-मागे आहे याची, दुरुस्ती वजा करायची. मेच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३ मिनिटे पुढे असतो, म्हणून २ मे रोजी पुण्याची मध्यान्ह १२:३१ ला येते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात हीच दुरुस्ती उलट बाजूची असते आणि मध्यान्ह १२:३६ ला पडते. सरावात वेळ पाच मिनिटांनी वेगळी दिसली म्हणून कुणी बिचकू नये, हे पत्रात ठळक लिहिले.

९ एप्रिल

पहिला सराव पुण्यात, गच्चीवर. वाळू भरलेल्या बादलीत एक मीटरची सळई उभी केली. सावली उत्तरेला सुमारे १९ सेंटिमीटर यायला हवी होती. तीन वाचनांत १८, १९.५ आणि २१ आली. इतका फरक पडला तर परिघाचा हिशेब करण्यात अर्थच नाही. कारणे शोधली.

एक, गच्चीला पावसाच्या पाण्यासाठी उतार दिलेला असतो. शंभरात एक एवढा उतार असला तरी बादली त्यावर बसली की सळई अर्ध्या अंशाहून जास्त कलते आणि टोक सुमारे १ सेंटिमीटर सरकते. फरशीचा उतार सावलीच्या लांबीला फारसा बाधत नाही, बाधतो तो सळईचा कल.

दोन, सावलीचे टोक अंधूक असते. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची थाळी आहे. त्यामुळे एक मीटर उंचीवरून पडणाऱ्या सावलीच्या कडेला ९ मिलिमीटरचा धूसर पट्टा येतो. त्यात टोक नेमके कुठे, हे तीन जण तीन ठिकाणी दाखवतात.

२ मे रोजी नाशिकची सावली ८ सेंटिमीटरच असणार आहे. तिथे ९ मिलिमीटरची धूसरता परवडणारी नाही. सळई रद्द.

१३ एप्रिल

नवी रचना तयार झाली. सळईऐवजी छिद्र.

टेबलावर स्टूल, स्टुलावर ६० सेंमी लांब आणि १५ सेंमी रुंद प्लायची फळी. निम्मी फळी उत्तरेकडे बाहेर काढलेली, मागच्या टोकावर दोन विटा. बाहेरच्या टोकाला रुपयाएवढे भोक, त्यावर ॲल्युमिनियमची जाड फॉइल आणि फॉइलमध्ये ४ मिमीचे छिद्र. खाली फळीच्या सावलीत उन्हाचा एक गोल ठिपका पडतो, व्यास सुमारे १३ मिमी. हा ठिपका म्हणजे सूर्याची प्रतिमाच. काठीच्या टोकाची कडा शोधण्यापेक्षा गोलाचे केंद्र शोधणे डोळ्याला फार सोपे जाते; ते केंद्र एक मिलिमीटरपर्यंत खात्रीने सापडते. छिद्र ८ मिमीचे करून पाहिले तर ठिपका पसरट झाला, २ मिमीचे केले तर उन्हाच्या झगझगाटात दिसेना. ४ हेच कायम.

छिद्रातून गवंड्याचा ओळंबा सोडायचा. त्याचे टोक आलेखकागदावर जिथे येईल तो पायाबिंदू. ओळंबा थेट छिद्रातून लोंबत असल्यामुळे टेबल कललेले असो वा फळी वाकलेली, काही बिघडत नाही. फक्त पायाबिंदूची खूण केल्यानंतर कुणी टेबलाला धक्का लावता कामा नये. आलेखकागद एका सपाट पाटावर चिकटवायचा आणि पाट पाणसळीने समतल करायचा. पाणसळ नसेल तर पाटावर गोटी ठेवून पाहायची. गोटी जागेवर थांबली की झाले.

उंची म्हणजे छिद्र ते कागद हे अंतर, ओळंब्याच्या दोरीवरूनच मोजायचे. बरोबर १ मीटरच हवी असे नाही, पण मोजलेली हवी. उंचीत ५ मिमीची चूक परिघात सुमारे २०० किलोमीटरची चूक करते. ठिपक्याच्या अंतरात मात्र १ मिमी चुकला की नाशिकच्या हिशेबात सुमारे ५०० किलोमीटरचा फरक पडतो. हे वाक्य चारही संचांच्या पाटावर लिहून चिकटवले. काळजी कुठे घ्यायची आणि कुठे सैल राहिले तरी चालेल, हे त्यावरून लगेच कळते.

१६ एप्रिल

वाचनाची पद्धत ठरली. घड्याळ बघून १२:३१ ला एकच खूण करण्याऐवजी १२:२५ ते १२:३८ दर मिनिटाला ठिपक्याच्या केंद्रावर टोकदार पेन्सिलीने बिंदू काढायचा. ठिपका मिनिटाला सुमारे ४ मिमी पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतो. सगळे बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. पायाबिंदूपासून त्या रेषेवर टाकलेला लंब म्हणजे मध्यान्हीची सावली.

या रीतीत होकायंत्र लागत नाही, आणि ते बरेच आहे, कारण स्लॅबमधल्या लोखंडामुळे गच्चीवर होकायंत्र भलतीच दिशा दाखवते. घड्याळ दोन मिनिटे मागेपुढे असले तरी चालते. एखाद-दुसऱ्या मिनिटाला ढग आला तरी उरलेले बिंदू पुरतात.

सकाळीच उत्तर दिशा हवी असेल तर जुनी शंकूची रीत आहे. शंकू म्हणजे उभी काठी. तिच्याभोवती, काठीच्या उंचीच्या साठ टक्के त्रिज्येचे वर्तुळ काढायचे. सावलीचे टोक वर्तुळाला साधारण १०:२० ला आणि पुन्हा २:४० ला शिवते. ते दोन स्पर्शबिंदू जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम. आपल्या ज्योतिषगणितात शंकू बारा अंगुळांचा धरत. आम्ही मीटर धरतो, एवढाच फरक.

१९ एप्रिल

शब्दांची बैठक, तीन तास. प्रकल्पातले सर्वांत अवघड काम हेच.

पत्रकाच्या मसुद्यात ‘सूर्याची क्रांती त्या ठिकाणाच्या अक्षांशाइतकी होते’ असे वाक्य होते. क्रांती म्हणजे सूर्याचे विषुववृत्तापासूनचे कोनातले अंतर. पारिभाषिक दृष्टीने ते वाक्य अचूक आहे. पण वाचनाला बसलेल्या आठ जणांपैकी पाच जणांना क्रांती म्हटल्यावर उठाव आठवला. खस्वस्तिक, म्हणजे आकाशातला बरोबर माथ्यावरचा बिंदू, हा शब्द दोघांनाच माहीत होता. शेवटी लिहिले : ‘मे महिन्यात सूर्य रोज सुमारे तीस किलोमीटर उत्तरेला सरकतो. तुमच्या गावाच्या बरोबर माथ्यावर तो ज्या दिवशी येतो, तो तुमचा शून्य सावली दिवस.’ मेच्या आरंभी हे सरकणे दिवसाला ३२ किमीच्या आसपास असते, मध्याला २६, अखेरीस १६. तीस हा आकडा ढोबळ आहे, पण तो गावाच्या मापातला आहे. आज सूर्य कऱ्हाडावर, दोन दिवसांत साताऱ्यावर, हे शेतकऱ्यालाही चटकन कळते. क्रांती हा शब्द गाळला नाही. पत्रकाच्या मागच्या बाजूला, हिशेब करू इच्छिणाऱ्यांसाठी ठेवला.

दुसरी अडचण भाषेनेच केलेली. ‘सूर्य डोक्यावर आला’ म्हणजे दुपार झाली, असे आपण रोज म्हणतो. म्हणून रोज बाराला सावली नाहीशी होते, अशी बहुतेकांची पक्की समजूत असते. ती खोडायला वाक्य पुरत नाही. पत्रकावर एक रिकामा तक्ता छापला : शून्य सावलीच्या आधीचे पाच दिवस आणि नंतरचे पाच दिवस, रोज मध्यान्हीला सावली उत्तरेला की दक्षिणेला, किती बोटे. आमच्या मते या सगळ्या उपक्रमाचा जीव या तक्त्यात आहे. सावली गायब झाल्याचा एक फोटो काढून माणूस निघून जातो. उत्तरेला पडणारी सावली आखडत जाते आणि चार दिवसांनी दक्षिणेला उगवते, हे ज्याने पाहिले त्याने सूर्याचे उत्तरेकडे जाणे स्वतः पाहिले.

चित्रात काय उभे करायचे यावरही चर्चा झाली. कुणी मुसळ सुचवले. नको. ग्रहणात परातीत मुसळ उभे करण्याची समजूत अजून घरोघरी आहे, आणि दोन्ही गोष्टींची गल्लत होईल. मुसळ तळ सपाट असला की कुठल्याही दिवशी उभे राहते. चित्रात पाण्याची बाटली ठेवली.

२३ एप्रिल

तारखांची यादी पुन्हा तपासली. फिरत्या संदेशांमध्ये जिल्ह्याला एकच तारीख दिलेली असते. पुणे जिल्हा उत्तर-दक्षिण दीड अंश पसरलेला आहे. बारामतीला शून्य सावली १२ मेच्या सुमारास आणि जुन्नरला १६-१७ मेला. म्हणून आम्ही तारीख गावाच्या अक्षांशावरून देतो : कोल्हापूर ६-७ मे, रत्नागिरी ७-८, सातारा व सोलापूर १०, पुणे १३-१४, मुंबई १५-१६, छत्रपती संभाजीनगर १९-२०, नाशिक २०, नागपूर २६. इंदूर-बडोद्याच्या मराठी मंडळींसाठी जूनचा पहिला आठवडा. दिल्लीकरांना हा दिवस कधीच नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या वर आहे.

दोन-दोन तारखा का, हा प्रश्न हमखास येतो. सूर्य मध्यान्हीला गावाच्या माथ्यावर नेमका येईलच असे नाही. एका दुपारी तो थोडा दक्षिणेला असतो, दुसऱ्या दुपारी थोडा उत्तरेला. पुण्यात दोन्ही दिवशी तो माथ्यापासून साधारण दशांश अंश दूर असतो. एक मीटरच्या काठीला त्याची सावली दोन-अडीच मिलिमीटर, तीही धूसर कडेत विरून जाते. दोन्ही दिवस बरोबरच आहेत. लीप वर्षाच्या चक्रामुळे तारीख एखाद्या दिवसाने सरकतेही.

२६ एप्रिल

चारही गटांचा सराव, व्हिडिओवरून. शाळांच्या परीक्षा संपल्यात, मुले मामाच्या गावाला चाललीत. वर्गातली मुले हाताशी नाहीत, ही या विषयाची कायमची अडचण. यंदा तिचाच उपयोग करतो आहोत : मुलांच्या हाती पत्रक दिले, मामाच्या गावचा अक्षांश फोनवर बघून तारीख स्वतः काढायची. महाराष्ट्र आणि गोवा पूर्ण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत, त्यामुळे मामाचे गाव इथे कुठेही असो, दिवस चुकत नाही.

सूचना तीनदा सांगितली : सूर्य माथ्यावर आला का हे बघायला कुणीही वर पाहायचे नाही. हा मोह मुलांना होतोच, आणि डोळ्याचा पडदा भाजताना दुखत नाही. सावली खाली असते, नजर खाली. तापलेल्या गच्चीवर अनवाणी नाही. उन्हात सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही, म्हणून बिंदू काढणाऱ्यांच्या दोन जोड्या.

२ मे

मोजणी झाली. चारही ठिकाणी ऊन मिळाले. साताऱ्यात चार मिनिटे ढग होता, तेवढे बिंदू गेले.

उंची १ मीटर धरून सावलीची लांबी, सगळीकडे उत्तरेला : पणजी २ मिमी, सातारा ४१, पुणे ५४, नाशिक ८०. नाशिकच्या दुसऱ्या संचात ८३ आले. वाचनानंतर पुन्हा ओळंबा सोडला तेव्हा पायाबिंदू ३ मिमी सरकलेला निघाला, टेबलाला मधेच धक्का बसला होता. वाचन बाद. शेवटी ओळंबा पुन्हा सोडण्याची पायरी नसती, तर ही चूक सापडली नसती.

ओळंब्याला वाऱ्याचा त्रास पणजीत सर्वांत जास्त झाला. तिथल्या गटाने पुठ्ठ्याचे खोके दोन बाजूंनी उघडून आडोसा केला. पुढच्या वेळी खोके संचातच देणे. पायाबिंदू सकाळी नऊच्या आत, वारा सुटण्यापूर्वी घेणे.

३ मे

हिशेब. नाशिकची सावली ८० मिमी म्हणजे कोन ४.५७ अंश. पणजीची २ मिमी म्हणजे ०.११ अंश. फरक ४.४६. या कोनाला ४९९ किमी, तर ३६० अंशांना सुमारे ४०,२९० किमी. पुण्यावरून तोच हिशेब ४०,५२० च्या जवळ येतो, साताऱ्यावरून ३९,०१०. ध्रुवांवरून जाणारा प्रत्यक्ष परीघ ४०,००८ किमी आहे. साताऱ्याचे उत्तर सर्वांत दूर जाणे अपेक्षितच होते. पणजीपासून ते २४२ किलोमीटरवरच आहे, आणि अंतर जितके कमी तितका तोच एक मिलिमीटर महाग पडतो.

दोन चुका गटांनी केल्या, दोन्ही शिकवण्यासारख्या. एका गटाने पणजीत शून्य सावली आहे म्हणून २ मिमी सोडून दिले. परीघ हजार किलोमीटरने आटला. दुसऱ्या गटाने रस्त्याचे अंतर घातले, साडेसहाशे किलोमीटर. पृथ्वी बावन्न हजारांवर गेली. घाट चढून-उतरून जाणारा रस्ता सावलीला माहीत नसतो.

एका मुलीने विचारले, ४९९ किलोमीटर कुणी मोजले? नकाशावरून काढले असेल, तर नकाशाला पृथ्वीचा आकार आधीच ठाऊक असणार, मग आपण काय सिद्ध केले? याहून चांगला प्रश्न या प्रकल्पात आला नाही. उत्तर पत्रकात घालायचे ठरले. सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढणाऱ्या प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने इजिप्तमधल्या सायिनी ते अलेक्झांड्रिया हे अंतर ५,००० स्टेडिया (लांबीचे ग्रीक माप) धरले आणि कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग. तिथेही जमिनीवरचे अंतर बाहेरूनच आले होते. आपल्याकडे १८०२ साली मद्रासजवळ साखळीने पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू झाले. त्रिकोणामागून त्रिकोण जोडत ते देशभर गेले. जमिनीवर पाय रोवून मोजलेले अंतर असे मिळते. आमची मोजणी त्या कष्टांवर उभी आहे, हे मुलांना सांगायलाच हवे.

बातमीसाठी दिलेल्या मजकुरात ‘४० हजार किलोमीटर, हजारभर इकडेतिकडे’ असे लिहिले. ‘अचूकता ९९ टक्के’ असा मथळा सुचवला गेला, तो घेतला नाही. एक मिलिमीटरला पाचशे किलोमीटर हा हिशेब असताना ४०,२९० या आकड्यातले शेवटचे तीन अंक आमचे नाहीत.

१० मे

सातारा आणि सोलापूर, एकाच पडद्यावर. दोघांचे अक्षांश १७.६८ आणि १७.६६, म्हणून दिवस एकच. पण सोलापुरात मध्यान्ह १२:२३ ला, साताऱ्यात १२:३० ला.

लोकांना दाखवण्यासाठी बाटलीपेक्षा पाइप सरस ठरला. चार इंची पीव्हीसी पाइप, ५० सेंमी लांब, ओळंब्याने उभा केलेला, खाली दोन विटांवर टेकवून पांढरा कागद. बाजूच्या फटीतून कागद दिसतो. मध्यान्हीच्या पाच मिनिटे आधी कागदावर सावलीची १ सेंमी जाडीची कोर असते. ती बारीक होत नाहीशी होते, क्षणभर पूर्ण गोल उजळतो, आणि कोर समोरच्या बाजूला उगवते. सोलापुरात हे झाले तेव्हा साताऱ्याच्या पाइपात कोर अजून ठळक होती. सात मिनिटांनी तिथलीही गेली. जमलेल्यांनी दोन्हीकडे एकदम टाळ्या वाजवल्या. मध्यान्ह मिनिटाला सुमारे २६ किलोमीटर पश्चिमेला धावते, हे त्या सात मिनिटांत डोळ्यांनी दिसले. रोज तीस किलोमीटर उत्तरेला आणि मिनिटाला सव्वीस पश्चिमेला, हे दोन आकडे आता पत्रकात शेजारी-शेजारी.

१५ मे

मुंबई. ढग. १२:३५ च्या आधी-नंतर मिळून दोन मिनिटेच ऊन. जमलेल्यांना आधीच्या चार दिवसांची सावली आखलेला कागद दाखवून काम निभावले. असा कागद प्रत्येक जाहीर कार्यक्रमाला तयार ठेवणे.

२६ मे

नागपूर. मध्यान्ह लवकर, १२:११ च्या आसपास. उन्हाचा कहर लक्षात घेऊन मैदान रद्द केले, इमारतीच्या दारापुढच्या मोकळ्या जागेत पाइप मांडला, लोक सावलीत उभे राहून आळीपाळीने पुढे आले. उसाचा रस नको, पाणी आणि पन्हे.

२४ जुलै

सूर्य परतीच्या वाटेवर. आज नाशिक, महिनाअखेर पुणे, ऑगस्टच्या १०-११ ला पणजी. मेमध्ये दक्षिणेकडून उत्तरेला गेलेला क्रम आता उलटा. सगळीकडे ढग, पण हा दुसरा दिवस यादीतून गाळलेला नाही. घाटमाथ्याच्या पूर्वेला, पर्जन्यछायेतल्या गावांना उघडीप मिळण्याची आशा असते. तिथल्या तीन गटांना संच पाठवले.

मामाच्या गावाहून परतलेले तक्ते ४६ आले. त्यांपैकी ३१ मध्ये सावली उत्तरेकडून दक्षिणेला गेल्याची नोंद आहे. नऊ तक्त्यांत सलग दहा दिवस रोज दुपारी बारालाच मोजलेले, त्यामुळे सावली पश्चिमेला पडलेली दिसते. पत्रकावर मध्यान्हीची वेळ छोट्या अक्षरांत होती. पुढच्या छपाईत ती तक्त्याच्या प्रत्येक रकान्यात.

संचांची डागडुजी : दोन फॉइल फाटल्या, तिथे पत्र्याच्या डब्याचा तुकडा घासून लावणे, सातारचा ओळंबा हरवला, आलेखकागद शंभर ताव मागवणे.